घाटाच्या वरच्या पायरीवरून

वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात माईक लावून झाला की एक काम माझे वडील स्वतःच करायचे. मला मशीनपाशी बसवायचे आणि मांडवातून निघून घाटाच्या अगदी वरच्या पायरीपर्यंत चालत जायचे. तिथे उशिरा आलेल्या बायका आणि गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या असायच्या. त्यांतल्या एखादीजवळ वाकून ते विचारायचे, "आजी, बुवांचं ऐकू येतंय का?" ती हो म्हणाली तरी त्यांचं समाधान होत नसे. "मग आत्ता बुवा काय म्हणाले, सांगा बघू." आजीने सांगितलं की वडील तिथूनच हात वर करायचे. म्हणजे बटण आहे तिथेच राहू दे. हात आडवा हलला तर आवाज फुटतोय, कमी कर. हात खाली गेला तर वाढव. कीर्तन सुरू होऊन दहा मिनिटं झाली तरी ते वरच असायचे.

आमचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. दोन कर्णे, एक व्हॉल्व्हचं मशीन, दोन माईक आणि वायरीची भेंडोळी एवढंच भांडवल. लग्न, यात्रा, निवडणुकीची सभा, शाळांचं स्नेहसंमेलन, सगळीकडे आम्हीच. पाचगणीच्या शाळांमध्ये जायचं असेल तेव्हा एसटीच्या टपावर कर्णे दोरीने बांधून पसरणीचा घाट चढायचो. वडील रेडिओ दुरुस्तीत तयार झालेले. मोटवानींच्या शिकागो रेडिओने मुंबईहून काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांना लाउडस्पीकर पुरवले, ही गोष्ट ते फार अभिमानाने सांगत. नेत्याचं भाषण लाख माणसांनी ऐकलं म्हणतात, पण ऐकवलं कुणी, असं ते विचारायचे.

पुढे मी मुंबईला आलो आणि पस्तीस वर्षं मिक्सरमागे उभा राहिलो. नाट्यसंगीतापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळं केलं. रॉक संगीत माझ्या आयुष्यात आलं ते याच कामातून. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून एका सहकाऱ्याने वुडस्टॉक महोत्सवाची कॅसेट आणली होती. गिटार ऐकता ऐकता माझं लक्ष मागे पावसाची सर आली तिकडे गेलं, स्टेजवरून होणाऱ्या सूचनांकडे गेलं. भर पावसात, उघड्या माळावर एवढ्या माणसांपर्यंत हा आवाज पोचवला कुणी? त्या एका प्रश्नामागे मी गेली चाळीस वर्षं आहे. रॉकच्या इतिहासातले मोठे क्षण गायकांच्या नावाने ओळखले जातात आणि ते योग्यच आहे. पण तो इतिहास मी घाटाच्या वरच्या पायरीवरून पाहतो. तिथून पाहिलं की कळतं, ही सगळी धडपड शेवटच्या माणसाला ऐकू जावं म्हणून होती.

सुरुवात करावी ती न्यूयॉर्कपासून. १५ ऑगस्ट १९६५ रोजी शे स्टेडियमवर बीटल्सचा कार्यक्रम झाला. मैदान बेसबॉलचं, माणसं सुमारे ५५,६००. एका पॉप कार्यक्रमाला एवढी गर्दी तोवर कुणी पाहिली नव्हती. तिकिटांचे ३,०४,००० डॉलर जमले. व्हॉक्स कंपनीने त्या दौऱ्यासाठी खास १०० वॉटचे ॲम्प्लिफायर तयार करून दिले होते. त्या काळात १०० वॉट ही मोठीच गोष्ट. पण स्टेडियमसमोर ती किती, याचा हिशेब आमच्या धंद्यात पोरगाही करतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला हवा असेल तर वॉट दुप्पट करून भागत नाही, जवळपास दहापट करावे लागतात. गिटारचा आवाज त्या पेट्यांमधून आला आणि गाणं स्टेडियमच्या कर्ण्यांमधून गेलं. खेळाडूचं नाव पुकारायला, धावसंख्या सांगायला बसवलेले ते कर्णे.

आणि समोर हजारो मुली एकसारख्या किंचाळत होत्या. त्या किंचाळण्याखाली सगळं बुडालं. स्टेजवर मॉनिटर नव्हते. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून ठेवलेली पेटी, ज्यातून त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. आज गल्लीतल्या ऑर्केस्ट्रालाही ती लागते. त्या दिवशी जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध चौघांकडे ती नव्हती. गाणं कुठवर आलंय हे कळायला ड्रमवर बसलेला रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या पाठी कशा हलतात ते बघत होता. असंच त्याने पुढे सांगितलं. लय सुटू नये म्हणून तबलजी गवयाच्या तोंडाकडे बघतो, हे आपण जाणतो. पण इथे डोळ्यांनीच कानांचं काम चाललं होतं. अर्ध्या तासात बारा गाणी झाली आणि ते निघून गेले.

त्या कार्यक्रमाचा चित्रपट निघाला. त्यासाठी ५ जानेवारी १९६६ रोजी चौघे लंडनच्या एका स्टुडिओत जमले आणि काही गाणी पुन्हा वाजवून, पुन्हा गाऊन चित्रावर बसवली. म्हणजे पडद्यावर जे शे स्टेडियम आपण ऐकतो त्यातला काही भाग शे स्टेडियमचा नाहीच. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. दौरे बंद करण्यामागे कारणं बरीच होती, पण आपलंच वाजवणं आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांतलं मोठं कारण होतं. गवई मैफल सोडून गेला, कारण मैफलीत गाणं उरलं नव्हतं. मला त्या काळातल्या साउंडवाल्यांना दोष द्यावासा वाटत नाही. दोन कर्ण्यांवर अख्खी यात्रा भागवणाऱ्या माणसाचा मी मुलगा आहे. सामानच तेवढं होतं.

शे स्टेडियमच्या तीन आठवडे आधीच अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडली होती. २५ जुलै १९६५, न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव. बॉब डिलन तिथे एकट्याने, साधी गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गायचा. लोकांना तो तसाच हवा होता. त्या संध्याकाळी तो इलेक्ट्रिक गिटार आणि मागे बँड घेऊन आला. माइक ब्लूमफिल्डची गिटार, अल कूपरचा ऑर्गन, पॉल बटरफिल्डच्या बँडमधली माणसं. सराव आदल्या रात्रीपुरता. तीन गाणी झाली, प्रेक्षकांतून हुर्यो उठली, डिलन आत गेला. मग परत येऊन त्याने साध्या गिटारवर दोन गाणी म्हटली. लोकसंगीताने रॉकला हाकललं, अशी ही कथा साठ वर्षं सांगितली जाते.

हुर्यो कशासाठी होती यावर अजून वाद आहे. कुणी म्हणतं विजेच्या गिटारसाठी, कुणी म्हणतं कार्यक्रम लवकर संपला म्हणून, कुणी म्हणतं आवाज वाईट होता म्हणून. पीट सीगर हा लोकसंगीतातला वडीलधारा माणूस त्या रात्री फार संतापला होता. कुऱ्हाड मिळाली तर माईकची केबल तोडीन, असं तो म्हणाल्याचं त्याने स्वतःच नंतर कबूल केलं. पण त्याने कारणही सांगितलं. राग विजेवर नव्हता. आवाज इतका फाटत होता की गाण्याचे शब्दच कळत नव्हते. स्टेजमागून मिक्सरकडे निरोप गेला, आवाज कमी करा. मिक्सरपाशी होती ती माणसं म्हणाली, नाही. त्या महोत्सवात काम करणाऱ्या जो बॉइडने हा प्रसंग आपल्या आठवणींत सविस्तर लिहिला आहे.

त्या जागी माझे वडील असते तर? मला वाटतं, ते मागच्या रांगेत गेले असते आणि त्यांनी एखाद्याला विचारलं असतं, "आत्ता काय म्हणाला तो?" कीर्तनात टाळ-मृदंग कितीही घुमू दे, बुवांचा शब्द त्यावर तरंगला पाहिजे, हे त्यांचं सूत्र. डिलन तर शब्दांचाच माणूस, पुढे त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. त्याचा शब्द बँडखाली गाडला गेला असेल तर मागे बसलेल्या माणसाची तक्रार मला जुनाट वाटत नाही. एकेकट्या गायकासाठी मांडलेल्या स्टेजवर अचानक ढोल, बेस, ऑर्गन आणि दोन गिटारी आल्या. त्यांचा तोल सांभाळायची रीत अजून कुणी घालून दिली नव्हती. वर्षभराने मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये एका प्रेक्षकाने डिलनला 'ज्यूडास' म्हणून ओरडून गद्दार ठरवलं. त्या शिवीमागे निष्ठेचा प्रश्न होता. न्यूपोर्टमध्ये मात्र निष्ठेबरोबर कानाचाही प्रश्न होता.

हा प्रश्न मग दोन माणसांनी अंगावर घेतला. इंग्लंडमध्ये चार्ली वॉटकिन्स. १९६७ च्या विंडसर महोत्सवात त्याने पहिल्यांदा १,००० वॉटची यंत्रणा उभी केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचा बिल हॅन्ली. न्यूपोर्टच्या महोत्सवांना साउंड त्याचाच असे, १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या शपथविधीलाही त्याचेच माईक होते. स्टेजवर गाणाऱ्यासाठी मॉनिटर ठेवायची पद्धत ज्यांनी पाडली, त्या पहिल्या लोकांत हॅन्लीचं नाव घेतलं जातं. रॉकच्या पुस्तकांत या दोघांना दोन ओळी मिळतात. माझ्या लेखी ते त्या काळाचे खांब आहेत.

मध्ये एक छोटा प्रसंग, पण तो मला फार जवळचा आहे. ३० जानेवारी १९६९. लंडनमध्ये ३, सॅव्हिल रो या आपल्या ऑफिसच्या गच्चीवर बीटल्स न सांगता सवरता वाजवायला उभे राहिले. दुपारची वेळ, कडाक्याची थंडी, वारा. जॉन लेननने योकोचा फरकोट घातलेला, रिंगोने बायकोचा लाल रेनकोट. बिली प्रेस्टन पियानोवर. ध्वनिमुद्रणाची यंत्रं तळघरात, आणि तिथे ग्लिन जॉन्सच्या हाताखाली ॲलन पार्सन्स नावाचा वीस वर्षांचा पोरगा. गच्चीवर वारा माईकमध्ये घुसून भुस्सभुस्स आवाज करणार, हे उघडच होतं. त्या पोराला दुकानात पिटाळलं. त्याने बायकांचे नायलॉनचे पायमोजे विकत आणले आणि माईकवर चढवले. ही हकीकत पार्सन्सने स्वतः अनेकदा सांगितली आहे.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कृष्णेचा वारा आठवला. माघात नदीवरून गार वारा सुटला की वडील माईकला आईच्या जुन्या मऊ पातळाचा तुकडा दुहेरी बांधायचे. कापड जाड झालं तर शब्द बोथट होतो, पातळ झालं तर वारा आत येतो. त्यासाठी ते तुकडे तोंडासमोर धरून फुंकून बघायचे. वाईचा आणि लंडनचा साउंडवाला एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण वाऱ्यावरचा उपाय दोघांचा एकच होता. ती गच्चीवरची ४२ मिनिटं हा बीटल्सचा लोकांपुढचा शेवटचा कार्यक्रम ठरला. पोलिसांनी येऊन तो थांबवला. आजही ते वाजवणं स्वच्छ ऐकू येतं, ते त्या पायमोज्यांमुळेही.

आणि मग वुडस्टॉक. १५ ते १८ ऑगस्ट १९६९, न्यूयॉर्क राज्यातलं बेथेल गाव, मॅक्स यासगर या दूधवाल्या शेतकऱ्याची जमीन. आधी ठरलेल्या गावाने जेमतेम महिनाभर आधी परवानगी नाकारली, म्हणून ही जागा. तिकिटं गेली होती १,८६,००० च्या आसपास. माणसं आली चार लाखांवर. कुंपण पुरं झालं नव्हतं, तेव्हा शेवटी सगळ्यांनाच मोकळी वाट मिळाली. साउंडचं काम बिल हॅन्लीकडे होतं. त्याने तयारी केली होती दीड-दोन लाख लोकांची.

जमीन नैसर्गिक रंगमंचासारखी होती, खाली स्टेज आणि समोर चढत जाणारं टेकाड. आमच्या घाटाच्या पायऱ्याच जणू, फक्त अफाट मोठ्या. हॅन्लीने स्टेजच्या दोन्ही बाजूंना सत्तर फुटांचे मनोरे उभारून त्यांवर पेट्या चढवल्या. जाड मरीन प्लायच्या त्या पेट्या माणसाएवढ्या उंच होत्या आणि एकेकीचं वजन अर्धा टन. प्रत्येकीत पंधरा इंची चार स्पीकर. पेट्यांची दोन मजली मांडणी होती. खालच्या जवळच्या लोकांसाठी, वरच्या टेकाडावरच्या लोकांसाठी. ही मांडणी मी चित्रात पाहिली तेव्हा मनोमन हात जोडले. पुढच्याचे कान फोडून मागच्याला ऐकवायचं, ही आळशी रीत आहे. पुढच्याला पुढच्यापुरतं आणि मागच्याला मागच्यापुरतं देणं, ही खरी विद्या. वडील दुसरा कर्णा घाटाच्या वरच्या अंगाला बांधायचे, ते याच हिशेबाने.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला रिची हेवन्स एकटाच गिटार घेऊन बसला, कारण बाकीचे कलाकार वाहतुकीत अडकले होते. त्याला पुन्हा पुन्हा स्टेजवर पाठवलं, गाणी संपली तेव्हा त्याने जागच्या जागी एक रचलं. त्याच रात्री पावसात रविशंकर बसले. तबल्यावर आपले मुंबईकर अल्लारखा, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. चार लाखांच्या त्या जमावापुढे एका कुलकर्णी बाईंचा तंबोरा झंकारला, हे किती मराठी माणसांना माहीत आहे? ओल्या हवेत तारा उतरतात, कातडं सैल पडतं. तशा रात्री तंबोरा, सतार आणि तबला माईकवर घेणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

पावसाने पुढे वायरिंगचीही परीक्षा घेतली. शनिवारी रात्री ग्रेटफुल डेड या बँडच्या वेळी ओल्या स्टेजवर अर्थिंगचा घोळ झाला. बॉब वेअरला माईकला स्पर्श होताच झटके बसत होते. रविवारी जो कॉकरचं गाणं झालं आणि वादळ आलं. मनोऱ्यांवर पोरं चढून बसली होती आणि मनोरे वाऱ्याने डुलत होते. खाली उतरा, मनोऱ्यांपासून दूर व्हा, हे माईकवरून पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं. त्या घटकेला तो माईक गाण्यासाठी नव्हता, जीव वाचवण्यासाठी होता. वडील यात्रेच्या ठिकाणी सगळ्यांत आधी खड्डा खणायचे, मीठ आणि कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरायचे, वर बादलीभर पाणी ओतायचे. मग बाकीची वायर. हे काम कुणाला दिसत नाही. ते झालं नाही तर मात्र सगळ्यांना दिसतं.

सोमवारी सकाळी जिमी हेंड्रिक्स वाजवायला उभा राहिला तोवर बहुतेक लोक घरी गेले होते. चार लाखांतले थोडेच उरले होते. त्याने गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. माईक किंवा गिटार स्पीकरच्या तोंडाशी आली की आवाज फिरून तिच्यातच शिरतो आणि किंचाळी उठते. आम्ही म्हणतो, माईकने शिट्टी मारली. साउंडवाल्याची ही सगळ्यांत मोठी नामुष्की. हेंड्रिक्सने तीच शिट्टी हातात धरली आणि तिच्यातून व्हिएतनामवर पडणारे बॉम्ब ऐकवले. जिचं भय मी आयुष्यभर बाळगलं, तिचं त्याने संगीत केलं. मोठा कलावंत म्हणजे काय, याची याहून चांगली खूण मला दाखवता येणार नाही.

आता पुन्हा न्यूयॉर्क. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी काहीतरी करावं म्हणून रविशंकरांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि त्याने काही आठवड्यांत हा कार्यक्रम जमवला. दुपारी आणि रात्री असे दोन खेळ, मिळून सुमारे ४०,००० श्रोते. सुरुवात सतार-सरोदने होती. रविशंकर, अली अकबर खान, तबल्यावर अल्लारखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. चौघांनी वाद्यं जुळवली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं रविशंकर हसून म्हणाले.

ही गोष्ट आपल्याकडे अमेरिकनांच्या अडाणीपणाचा किस्सा म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. याच शहरात सहा वर्षांपूर्वी हाच जॉर्ज हॅरिसन गात होता आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. आज त्याच्याच कार्यक्रमात हजारो माणसं इतकी गप्प बसली आणि साउंड इतका नीट होता की सतारीची खुंटी पिळताना तार जी सूक्ष्म हलते, ती शेवटच्या रांगेत पोचली. त्यांना ते वादन वाटलं, कारण त्यांना ते खरोखर ऐकू आलं. किंचाळण्याकडून ऐकण्याकडे हा जो प्रवास झाला, तो माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा कळस आहे. त्या कार्यक्रमाचे २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट युनिसेफकडे गेले.

पुढे यंत्रं वाढत गेली. वुडस्टॉकला झटके खाल्लेल्या ग्रेटफुल डेडनेच १९७४ मध्ये स्पीकरची भिंत उभी केली. आउस्ली स्टॅन्ली आणि त्याच्या साथीदारांनी रचलेली ती भिंत सुमारे ६०० स्पीकरची आणि २६,४०० वॉटची होती. ती वाजवणाऱ्यांच्या पाठीमागे असे, म्हणजे लोकांना जे ऐकू येई तेच त्यांनाही. मग माईक शिट्टी कसा मारत नव्हता? प्रत्येक गायकापुढे दोन माईक उलटसुलट जोडलेले असत. गायचं एकात. मागून येणारा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि एकमेकाला खाऊन टाकतो. गायकाचा तेवढा उरतो. पण ७५ टन सामान गावोगाव हलवणं परवडेना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भिंत उतरवली. तिच्यातली अक्कल मात्र पुढच्या सगळ्यांनी उचलली.

शेवटचा प्रसंग १३ जुलै १९८५ चा. इथिओपियाच्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी 'लाइव्ह एड' उभं केलं. वेम्ब्ली स्टेडियमवर ७२,००० माणसं होती. संध्याकाळी पावणेसातच्या आत क्वीन बँडचे लोक आले आणि एकवीस मिनिटांत त्यांनी दिवस जिंकला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी नुसते स्वर टाकत होता आणि स्टेडियम ते उचलून परत देत होतं. तो जन्माने झांझिबारचा पारशी, फारोख बलसारा. शिकला मात्र आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच त्याने पोरांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. ज्या पसरणीच्या घाटाने आमचे कर्णे चढायचे, त्याच घाटाच्या माथ्यावर तो आवाज वयात आला. शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघून गाणारा तसा दुसरा गायक मी पाहिला नाही.

त्याच रात्री बीटल्समधला पॉल मॅकार्टनी पियानोवर बसला. 'लेट इट बी' सुरू केलं आणि त्याचा माईक बंद. पहिली दोन मिनिटं त्याचा आवाज बाहेर आलाच नाही. कुठल्याही साउंडवाल्याच्या पोटात खड्डा पडावा अशी ती दोन मिनिटं. पण लोकांना गाणं पाठ होतं. त्यांनी ते उचललं. पुढे बोवी, टाउनझेंड, ॲलिसन मोये आणि गेल्डॉफ त्याच्या मदतीला स्टेजवर आले आणि माईकही सुरू झाला. वीस वर्षांपूर्वी शे स्टेडियममध्ये याच माणसाचा आवाज लोकांच्या आवाजात बुडाला होता. वेम्ब्लीत लोकांच्याच आवाजाने तो तारला.

असंच मी एकदा पाहिलं आहे. एका खेड्यात कीर्तन ऐन रंगात असताना वीज गेली. वडील बॅटरी जोडायला धावले, पण ती जोडेपर्यंत थांबायची गरजच पडली नाही. पुढच्या रांगेने नामघोष धरला, तो रांगारांगांनी मागे गेला आणि पारापलीकडच्या बायकांपर्यंत पोचला. वडील वायर हातात धरून तसेच उभे राहिले. घरी येताना म्हणाले, "आज शेवटपर्यंत पोचलं." काम त्यांच्या यंत्राने केलं नव्हतं, तरी समाधान त्यांचंच होतं.

आता स्पीकरला तोटा नाही. गल्लीतल्या मिरवणुकीतही वुडस्टॉकहून जास्त वॉट असतात आणि छातीत धडधडतं, शब्द मात्र कळत नाही. म्हणून कार्यक्रम ठरवणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. गणपती असो, दिवाळी पहाट असो, कुणाचा सत्कार असो. वॉट किती आहेत ते साउंडवाल्याला विचारू नका. कार्यक्रम सुरू झाला की पहिल्या रांगेतली राखीव खुर्ची सोडून उठा, शेवटपर्यंत चालत जा आणि तिथे बसलेल्या आजींना विचारा, आत्ता काय म्हणाले ते. त्यांना सांगता आलं, तर साउंड चांगला आहे.